पाण्याने बांधलेली भिंत

पनीर, पुदिना, गुलाम, हैबत. हे चार शब्द आपल्या घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. पनीर फ्रिजमध्ये असते. पुदिना खिडकीतल्या कुंडीत असतो आणि दमाला लावलेल्या बिर्याणीच्या थरातही असतो. गुलाम पत्त्यांच्या डावात हमखास येतो. हैबत हा शब्द तर मराठीने इतका आपलासा केला की घाबरलेला माणूस ‘हैबत खातो’ आणि गावोगावी एखादे हैबतराव सापडतात. मुलांना एका वर्गात उर्दू आणि दुसऱ्या वर्गात मराठी शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना असे शब्द भेटले की ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटते.

आपल्याला मात्र हे ठाऊक नसते की हीच चार नावे अफगाणिस्तानातल्या चार तळ्यांना आहेत. बंद-ए-पनीर, बंद-ए-पुदिना, बंद-ए-गुलामान, बंद-ए-हैबत. सोबत आणखी दोन आहेत, बंद-ए-कंबर आणि बंद-ए-जुल्फिकार. या सहा तळ्यांना मिळून ‘बंद-ए-अमीर’ म्हणतात. ‘बंद’ म्हणजे बांध. आपला ‘बांध’ आणि ‘बंधारा’ याच शब्दाचे भाऊबंद आहेत. ‘अमीर’ म्हणजे सरदार, नेता. इथे तो मान हजरत अली (रजि.) यांना दिलेला आहे.

नावात ‘बांध’ आहे, पण तो कोणत्या राजाने, ठेकेदाराने किंवा इंजिनिअरने बांधलेला नाही. तो खुद्द पाण्याने बांधला आहे. या महिन्यात आपण त्याच भिंतीजवळ जाणार आहोत. आम्ही प्रत्यक्ष तिथे गेलेलो नाही. जे आहे ते वाचनातून, नकाशातून आणि छायाचित्रांतून. पण ही तळी समजून घ्यायला जे विज्ञान लागते ते आपल्या स्वयंपाकघरातच आहे, त्यामुळे प्रवास फार अवघड नाही.

कुठे आहेत ही तळी?

अफगाणिस्तानच्या मध्यभागी हिंदुकुश पर्वताच्या रांगा पसरल्या आहेत. तिथे बामियान नावाचा प्रांत आहे. बामियानचे नाव आपल्यापैकी अनेकांनी मार्च २००१ मध्ये ऐकले असेल. डोंगरात कोरलेल्या बुद्धाच्या दोन प्रचंड मूर्ती तेव्हा तालिबानने सुरुंग लावून उडवल्या. त्याच बामियान शहरापासून पश्चिमेला साधारण पंचाहत्तर किलोमीटर गेले की बंद-ए-अमीर येते. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २९०० मीटर. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटरचे आहे, हे लक्षात ठेवले तर या उंचीचा अंदाज येईल.

आजूबाजूचा मुलूख उघडा, कोरडा आहे. गुलाबी, तपकिरी आणि राखाडी कडे, मधूनमधून काटेरी झुडपे, झाडे जवळजवळ नाहीतच. आणि अशा रुक्ष डोंगरांच्या मधोमध एकामागे एक सहा तळी. त्यांचा रंग इतका गडद निळा की छायाचित्र पाहणारी मुले हमखास विचारतात, ‘यात रंग भरलाय का?’ नाही, रंग खराच आहे. पाणी अतिशय स्वच्छ आणि खोल असले की प्रकाशातला तांबडा भाग पाण्यातच शोषला जातो आणि निळा तेवढा परत फिरून आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. त्यात चुन्याचे अतिसूक्ष्म कण तरंगत असले तर हा निळा आणखी उजळतो, कधी फिरोजी होतो. त्यामुळे एकाच तळ्यात काठाजवळ फिकट फिरोजी आणि मध्यभागी जवळजवळ शाईसारखा निळा रंग दिसतो.

पण रंग ही या तळ्यांची खरी नवलाई नाही. तळे म्हटले की आपल्याला खड्डा दिसतो. जमीन खोल असते, तिथे पाणी साचते. बंद-ए-अमीरला पाणी खड्ड्यात बसलेले नाही, ते भिंतीमागे उभे आहे. दरीच्या आडव्या, पांढुरक्या, काही ठिकाणी दहा-बारा मीटर उंच, म्हणजे तीन-चार मजली इमारतीएवढ्या भिंती आहेत. त्यांच्या माथ्यावरून पाणी पातळ चादरीसारखे खाली ओघळते आणि पुढच्या तळ्याकडे जाते. तळे, भिंत, धबधबा, पुन्हा तळे. उतरत्या जिन्यासारखी ही मांडणी आहे.

लोकांनी सांगितलेली गोष्ट

भिंत दिसली की माणूस विचारतो, ही बांधली कोणी? तिथल्या लोकांनी याचे उत्तर एका आख्यायिकेतून दिले आहे. तिचे अनेक पाठ आहेत. आम्ही सारांश सांगतो.

बामियानात एक जुलमी बादशाह होता. त्याच्या मुलखात नदीला पूर येई आणि शेती वाहून जाई. बांध घालण्यासाठी त्याने शेकडो गुलाम जुंपले, पण बांध टिकेना. त्याच काळात एक गरीब, संकटात सापडलेला तरुण हजरत अली (रजि.) यांच्याकडे मदत मागायला गेला. आख्यायिका म्हणते, ते त्याला म्हणाले की मला गुलाम म्हणून बादशाहला विक आणि येणाऱ्या पैशातून आपली अडचण दूर कर. बादशाहने या नव्या गुलामाला कठीण कामे सांगितली. त्यातले एक काम म्हणजे नदीला बांध घालणे. हजरत अली (रजि.) यांनी डोंगराचा कडा आवेशाने ढकलला, तो झाला बंद-ए-हैबत. तलवारीने खडक कापला, तो झाला बंद-ए-जुल्फिकार. त्यांचा सेवक कंबर याने एक बांध घातला, बादशाहच्या गुलामांनी एक. एका बाईने दिलेल्या पनीरवरून एका बांधाला नाव पडले, काठच्या रानपुदिन्यावरून दुसऱ्याला. अखेरीस बादशाहला आपल्यासमोर कोण उभे आहे ते कळले आणि त्याने इस्लाम स्वीकारला.

इतिहासाच्या कसोटीवर ही गोष्ट उतरत नाही. हजरत अली (रजि.) यांचे आयुष्य अरबस्तानात आणि इराकात गेले. ते हिंदुकुशच्या डोंगरात आल्याची नोंद नाही. तरीही या गोष्टीकडे दुर्लक्ष करावे असे आम्हाला वाटत नाही. लोककथा ही इतिहासाची चोपडी नसते, ती लोकांच्या मनाची चोपडी असते. या कथेत लोकांनी काय जपून ठेवले ते पाहा. थोर माणूस गरिबासाठी स्वतःला विकतो. बांधाचे श्रेय फक्त वीरपुरुषाला मिळत नाही. सेवकाच्या नावे एक तळे, गुलामांच्या नावे एक तळे आणि एका साध्या बाईच्या पनीरच्या नावेही एक तळे. बादशाहच्या नावे मात्र एकही नाही!

बंद-ए-हैबतच्या काठी एक लहानशी जियारत आहे. उन्हाळ्यात रस्ते मोकळे झाले की दूरदूरचे लोक तिथे येतात, दुआ मागतात, पाण्याला स्पर्श करतात. शिवाय याच तळ्यांतून निघणारी नदी पुढे उत्तरेला वाहत जाऊन बल्खची नदी होते. अठरा कालव्यांनी शेती भिजवत ती बल्ख आणि मजार-ए-शरीफच्या सपाट प्रदेशात जिरून जाते, आमू दर्यापर्यंत पोहोचत नाही. बल्ख म्हणजे मौलाना रूमींच्या घराण्याचे गाव. मजार-ए-शरीफची निळी दर्गाह म्हणजे अनेक अफगाणांच्या श्रद्धेप्रमाणे हजरत अली (रजि.) यांचे विश्रांतिस्थान. डोंगरातल्या या सहा तळ्यांवर खालच्या केवढ्या मोठ्या मुलखाची भाकरी अवलंबून आहे, हे यावरून समजावे.

चुन्याची निवळी काय सांगते

आता भिंतीचे विज्ञान पाहू. त्यासाठी शाळेतला एक जुना प्रयोग आठवावा लागेल. पानाला लावायचा चुना पाण्यात कालवून ठेवला की थोड्या वेळाने चुना तळाशी बसतो आणि वर नितळ पाणी राहते. ती चुन्याची निवळी. तिच्यात नळीने कार्बन डायऑक्साइड वायू सोडला की ती दुधासारखी पांढरी होते, कारण न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट तयार होतो. इथपर्यंतचे बहुतेकांना आठवते.

पुढचा भाग फार थोड्यांना आठवतो. दुधाळ झालेल्या निवळीत तोच वायू सोडत राहिले तर ती पुन्हा नितळ होते. न विरघळणारा चुना जादा वायूच्या संगतीने विरघळणाऱ्या रूपात, म्हणजे कॅल्शियम बायकार्बोनेटमध्ये बदलतो. आणि हे नितळ पाणी तापवले तर? वायू बुडबुडे होऊन निघून जातो आणि पाणी पुन्हा पांढरे होते. वर्गात हा तिसरा टप्पा पाहताना मुलांचे डोळे विस्फारतात. नितळ, पांढरे, नितळ, पुन्हा पांढरे!

बंद-ए-अमीरची भिंत म्हणजे हाच प्रयोग, डोंगराएवढा आणि हजारो वर्षे चाललेला.

हिंदुकुशच्या या भागात चुनखडीचे खडक आहेत. बर्फाचे आणि पावसाचे पाणी हवेतून, त्याहून जास्त मातीतून कार्बन डायऑक्साइड घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. ते खडकाच्या भेगांतून आत जाते आणि वाटेत चुनखडी विरघळवते. वर पाहणाऱ्याला ते नितळ दिसते, पण त्याच्या पोटात दगड असतो. पुढे हे पाणी झऱ्यातून बाहेर येते. सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडताच जसा वायू सुटतो, तसा मोकळ्या हवेत पाण्यातला वायू निसटू लागतो. वायू गेला की चुना पाण्यात राहू शकत नाही. तो कणाकणाने बाहेर पडतो आणि जे मिळेल त्यावर बसतो. दगडावर, पडलेल्या काटकीवर, शेवाळावर. अशा तऱ्हेने बनणाऱ्या खडकाला ट्रॅव्हर्टाइन म्हणतात. रोमचे प्रसिद्ध कलोसियम याच जातीच्या दगडात बांधलेले आहे.

आता मुख्य प्रश्न. चुना सगळीकडे सारखा का बसत नाही? भिंतच का होते? कारण पाणी जिथे संथ आणि खोल असते तिथे वायू हळू सुटतो. जिथे ते एखाद्या काठावरून पातळ होऊन, खळखळत, हवेशी झोंबत खाली पडते, तिथे वायू झपाट्याने सुटतो आणि चुनाही तिथेच जास्त बसतो. म्हणजे पाण्याच्या वाटेत आधी एखादा छोटासा उंचवटा असला तर पाणी त्याच्यावरून उडी मारते. उडी मारताना त्याच्या माथ्यावर चुन्याचा थर ठेवून जाते. उंचवटा वाढतो, उडी मोठी होते, थर आणखी बसतो. शेवाळ आणि एकपेशीय वनस्पतीही यात हात लावतात. त्या आपल्या वाढीसाठी पाण्यातला वायू ओढून घेतात आणि चुन्याला बसायला जागाही देतात. वर्षानुवर्षे असे चालत राहिले की उंचवट्याची भिंत होते आणि भिंतीमागे तळे उभे राहते.

यातली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. ही भिंत पाणी अडवते, पण पूर्ण अडवत नाही. पाणी तिच्यावरून वाहत राहते म्हणूनच ती वाढते. पाणी वळवले, वाहणे थांबले, तर थर बसणे थांबते. उघडा पडलेला चुना उन्हाने सुकतो, थंडीत भेगांमध्ये बर्फ होऊन तडकतो, ठिसूळ होतो. नावात ‘बंद’ असले तरी या बांधाचा जीव वाहतेपणात आहे.

घरातला बंद-ए-अमीर

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे लाव्हापासून झालेल्या बेसाल्टचा आहे. त्यामुळे आपल्या डोंगरात अशी तळी शोधायला जाण्यात अर्थ नाही. पण बोअरवेलचे जड पाणी ज्यांच्या घरी येते त्यांनी आपली चहाची किटली किंवा पाणी तापवायचा बंब आतून पाहावा. पांढरा, खरखरीत थर बसलेला दिसेल. आपण म्हणतो, ‘क्षार चढलाय.’ पाणी तापले, वायू गेला, चुना भांड्याला चिकटला. बंद-ए-अमीरची भिंत आणि किटलीतला थर एकाच कुळातले आहेत.

मुलांना दाखवायचे असेल तर अंड्याचे रिकामे कवच पेल्यात ठेवा आणि वर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला. कवचावर बुडबुडे येऊ लागतील. अंड्याचे कवचही कॅल्शियम कार्बोनेटचेच असते आणि बुडबुडे म्हणजे त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. जुन्या घरातल्या शहाबादी फरशीवर लिंबू सांडले की डाग पडतो, तोही याच कारणाने, कारण ती फरशी चुनखडीचीच. आम्ही वर्गात सांगतो की विज्ञान पुस्तकाच्या आधी स्वयंपाकघरात घडते. अम्मीला आणि दादीला ते माहीत असते, फक्त त्याचे समीकरण माहीत नसते.

काही पालक विचारतात, कुदरतीच्या करामतीचे असे उकलून दाखवले तर मुलांच्या मनातले आश्चर्य कमी होत नाही का? आमचा अनुभव उलटा आहे. ‘अल्लाहची कुदरत’ एवढे म्हणून पान उलटले तर मूल मान डोलावते आणि विसरते. तेच मूल थेंबाने दगड विरघळवला, डोंगरातून वाहून आणला आणि पुन्हा दगड केला हे समजले की गप्प होते. ते गप्प होणे म्हणजे खरे आश्चर्य. कुरआनात जमिनीवर फिरून पाहण्याचे, विचार करण्याचे आवाहन वारंवार येते. पाहणे आणि विचार करणे ही दोन्ही कामे तिथे सोबत सांगितली आहेत.

घडायला युगे, मोडायला एक दिवस

क्रोएशिया देशात प्लिटविस नावाची अशीच तळी आहेत. तिथे भिंत वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढते असे सांगतात. एक सेंटीमीटर! आपल्या करंगळीच्या रुंदीएवढे. आणि तेही पाणी स्वच्छ असेल, शेवाळ जिवंत असेल आणि कोणी पाय दिला नाही तर. म्हणून तिथे तळ्यात पोहायला बंदी आहे आणि चालायला लाकडी फळ्यांच्या वाटा केल्या आहेत.

तुर्कस्तानातल्या पामुक्कलेचे उदाहरण आणखी बोलके आहे. पामुक्कले म्हणजे ‘कापसाचा किल्ला’. उष्ण झऱ्यांच्या चुन्याने तिथे डोंगरउतारावर पांढऱ्याशुभ्र पायऱ्या तयार झाल्या आहेत. विसाव्या शतकात त्याच्या माथ्यावरच हॉटेले उभी राहिली. झऱ्यांचे पाणी त्यांच्या हौदांकडे वळले आणि पांढऱ्या पायऱ्या करड्या पडू लागल्या. १९८८ मध्ये हे ठिकाण जागतिक वारसा ठरले. पुढे ती हॉटेले पाडण्यात आली, पाणी आळीपाळीने पायऱ्यांवर सोडण्याची व्यवस्था झाली. आता तिथे चालायचे तर पायातले जोडे काढावे लागतात. मशिदीच्या दारात आपण जोडे काढतो तो अदब माणसाने निसर्गाच्या दारातही शिकावा, असे ते चित्र पाहून वाटते.

बंद-ए-अमीरलाही धोके कमी नाहीत. भिंतीवरून चालणारी माणसे आणि जनावरे तिची कड मोडतात. काठावरचा कचरा आणि सांडपाणी पाण्यात उतरले की त्यातले फॉस्फेट चुन्याचे स्फटिक धरू देत नाही. हिवाळा कडाक्याचा, सरपण नाही, म्हणून गरीब गावकरी डोंगरावरची झुडपे उपटतात. झुडूप गेले की माती सुटते आणि तळ्यात येते. यात दोष केवळ गावकऱ्यांचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या घरात चूल पेटवायला काही नाही, त्याला झुडपाचे महत्त्व सांगण्याआधी सरपणाची सोय करावी लागते.

राखण कोणी केली?

या जागेला राष्ट्रीय उद्यान करण्याचा विचार १९७३ मध्येच झाला होता. मग सत्तापालट, परकी फौज, यादवी युद्ध. कागद तसाच राहिला. अखेर २००९ च्या एप्रिलमध्ये, वसुंधरा दिनी, बंद-ए-अमीर अफगाणिस्तानचे पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले. तीन दशकांच्या लढाईने पोळलेल्या देशाने रणगाडे आणि बंदुका यांच्यामध्ये एका तळ्यासाठी कायदा करावा, ही साधी गोष्ट नव्हती.

त्या वेळी बामियानच्या राज्यपाल होत्या डॉ. हबीबा सराबी. २००५ मध्ये नेमणूक झालेल्या त्या अफगाणिस्तानातल्या पहिल्या महिला राज्यपाल. २०१३ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उद्यान व्हावे, त्यातून गरीब जिल्ह्याला रोजगार मिळावा, यासाठी त्यांनी जोर लावला. पुढे या उद्यानात अफगाणिस्तानातल्या पहिल्या महिला वनरक्षक कामाला लागल्या. त्या गावातल्याच होत्या. कचरा टाकू नका, भिंतीवर चढू नका हे येणाऱ्या कुटुंबांना सांगणे, बायका-मुलांशी बोलणे हे काम पुरुष रक्षकांपेक्षा त्यांना सोपे जाई. उन्हाळ्यात शुक्रवारी कुटुंबेच्या कुटुंबे येत. सतरंजी अंथरायची, कबाब शेकायचे, हंसाच्या आकाराच्या होड्यांत मुलांना बसवायचे. आपल्याकडच्या सुट्टीच्या दिवसासारखेच ते दृश्य.

२०२१ मध्ये सत्ता पुन्हा तालिबानकडे गेली. सहावीच्या पुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या, नंतर विद्यापीठेही. आणि २०२३ च्या ऑगस्टअखेर तिथले हंगामी मंत्री मोहम्मद खालिद हनफी यांनी बामियानमध्ये सांगितले की बंद-ए-अमीरला येणाऱ्या स्त्रिया हिजाब नीट पाळत नाहीत, म्हणून उलेमांनी आणि सुरक्षा दलांनी त्यांना तिथे जाण्यापासून रोखावे. सैर करणे स्त्रियांसाठी गरजेचे नाही, असाही त्यांचा मुद्दा होता.

आम्ही मुलामुलींना शिकवतो, म्हणून या मुद्द्यावर गप्प राहणे आम्हाला जमणार नाही. पेहरावाविषयी कोणाला काही सांगायचे असेल तर ते पेहरावाविषयी सांगता येते. त्यासाठी रस्ताच बंद करण्याची गरज काय? शिवाय जमिनीवर फिरून पाहण्याचे जे आवाहन आहे ते पुरुषांपुरते आहे असे आमच्या वाचनात कुठे आलेले नाही. आणि त्या तळ्यांकडेच पाहा. ज्या बाईच्या पनीरवरून लोकांनी एका तळ्याला नाव दिले, तिच्या लेकीबाळींना ते तळे पाहायला मनाई! ज्यांनी काठावर उभे राहून त्याची राखण केली त्यांनाही मनाई. लोककथेने जिला जागा दिली, तिची जागा हुकमाने काढून घेतली.

आपल्या घरातले बंद

ही गोष्ट दूरच्या देशाची म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण वाचकहो, आपण आपल्या घराकडेही एकदा पाहू या. शाळेच्या सहलीची संमतिपत्रे परत येऊ लागली की आम्हा शिक्षकांना एक गोष्ट दरवर्षी दिसते. भावाचे पत्र सहीनिशी येते, त्याच घरातल्या बहिणीचे कोरे येते. विचारले तर उत्तर तयार असते: ‘मुलीला काय करायचंय फिरून?’ हे म्हणणारे अब्बा काही जुलमी नसतात. बहुतेक जण मुलीवर जीव टाकणारे असतात. काळजी खरी असते. बस रात्री किती वाजता पोहोचेल, सोबत बाई शिक्षिका आहेत का, मुक्काम कुठे आहे, हे प्रश्न विचारायलाच हवेत आणि शाळेने त्यांची उत्तरे द्यायलाच हवीत. पण प्रश्न न विचारताच पत्र कोरे पाठवणे म्हणजे काळजी नव्हे, ती फक्त सवय आहे.

घरच्या सहलीतही असेच होते. अम्मी पहाटे उठून डबे भरते, तिथे पोहोचल्यावर सतरंजीवर बसून सामान राखते आणि बाकीचे धबधबा पाहून येतात. परतताना ती विचारते, ‘कसा होता?’ पुढच्या वेळी सामान राखायला आळीपाळी लावून पाहा. एका कुटुंबात हे सुचवल्यावर तिथल्या दादी हसून म्हणाल्या, ‘साठ वर्षांत मला पहिल्यांदाच कोणी विचारलं.’ त्यांच्या हसण्यात किती वर्षांची वाट होती, ते ज्याचे त्याने ओळखावे.

जी मुलगी डोंगर, झरा, तळे डोळ्यांनी पाहते, तिला भूगोल पाठ करावा लागत नाही. उद्या ती आई होईल, शिक्षिका होईल, कदाचित भूगर्भशास्त्रज्ञ होईल. झऱ्यात साबण का सोडू नये, कठड्याची कड का मोडू नये, हे ती आपल्या मुलांना सांगेल. ज्याने पाहिले आहे तोच राखतो. न पाहिलेल्या वस्तूची राखण कोणी करत नाही.

बंद-ए-अमीरच्या भिंती अजून उभ्या आहेत. आज या क्षणीही पाणी त्यांच्या माथ्यावरून वाहते आहे आणि जाता जाता चुन्याचा एक कण ठेवून जाते आहे. त्या भिंतीपर्यंत पोहोचण्याची मनाई एक दिवस उठो आणि तिथल्या मुली आपल्या अम्मीसोबत, आजीसोबत त्या निळ्या पाण्याच्या काठी पुन्हा बसोत, ही आमची दुआ. आणि या वर्षी संमतिपत्र आपल्या घरी येईल तेव्हा त्यावर मुलीसाठीही सही व्हावी, एवढी आमची विनंती.